डॅव्हरॉसची खुर्ची : एका जुन्या खलनायकाच्या नव्या रूपावरील वाद

दि. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बीबीसीच्या ‘चिल्ड्रन इन नीड’ या वार्षिक कार्यक्रमात ‘डॉक्टर हू’ या प्रसिद्ध विज्ञानकथा-मालिकेचा सुमारे पाच मिनिटांचा एक विनोदी प्रवेश दाखवण्यात आला. गरजू मुलांसाठी निधी उभारणे हा या कार्यक्रमाचा हेतू, आणि प्रवेशाचे नाव होते ‘डेस्टिनेशन : स्कारो’. त्यात मालिकेतील सर्वांत गाजलेल्या खलनायकांपैकी एक, डॅव्हरॉस, आठ वर्षांनी पडद्यावर परतला. मात्र या वेळी त्याचा चेहरा धडधाकट माणसाचा होता, दोन्ही डोळे शाबूत होते आणि तो स्वतःच्या पायांवर उभा होता. जवळजवळ अर्धशतक त्याची ओळख ठरलेली चाकांची खुर्ची आणि भाजून विद्रूप झालेली मुद्रा नाहीशी झाली होती. हसण्यासाठी लिहिलेल्या या प्रवेशावरून मालिकेच्या चाहत्यांत जो वाद पेटला तो गंभीर होता. अपंग शरीर आणि दुष्टपणा यांची जी जोडी कथावाङ्मयाने पूर्वापार जुळवली आहे, तिचे आज काय करायचे, हा त्याचा गाभा होता.

मालिका आणि डालेक

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. तिचा नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा कालप्रवासी. बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीसारखे दिसणारे आणि आतून अवाढव्य असलेले ‘टार्डिस’ हे त्याचे यान. मरणाच्या दारात पोहोचला की तो नवे शरीर धारण करतो. त्यामुळे नट बदलत गेले तरी मालिका चालत राहिली. १९८९ मध्ये तिचे नियमित भाग थांबले आणि २००५ मध्ये लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा सुरू केली.

पहिल्याच वर्षाच्या डिसेंबरात लेखक टेरी नेशन यांनी ‘डालेक’ हे शत्रू निर्माण केले. धातूच्या कवचात बंदिस्त, आतून विकृत झालेले आणि आपल्याखेरीज प्रत्येक जीव संपवायला निघालेले हे प्राणी. नेशन यांचा जन्म १९३० चा, कार्डिफचा. त्यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत गेले. डालेकांच्या वंशशुद्धीच्या वेडामागे नाझी विचार उघडपणे दिसतो.

१९७५ चा डॅव्हरॉस

डालेक आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर नेशन यांनी ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ या सहा भागांच्या कथेत दिले. ती ८ मार्च ते १२ एप्रिल १९७५ या काळात दाखवली गेली. टॉम बेकर हे तेव्हा डॉक्टर होते आणि मायकेल विशर यांनी डॅव्हरॉस साकारला. स्कारो या ग्रहावर कालेड आणि थाल या दोन जमातींचे युद्ध पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. डॅव्हरॉस हा कालेडांचा प्रमुख शास्त्रज्ञ. त्याची दृष्टी गेली असून कपाळावरच्या कृत्रिम डोळ्याने तो पाहतो. त्याचा एकच हात चालतो. कमरेखाली डालेकाच्या कवचाचा खालचा भाग असावा अशी त्याची खुर्ची आहे. युद्धात वापरलेल्या घातक द्रव्यांमुळे आपल्या जमातीचे शरीर बदलत जाणार हे ओळखून त्या भावी शरीरासाठी तो कवच तयार करतो आणि त्यातील जिवाच्या मनातून दया काढून टाकतो.

या कथेतील एक तपशील नंतरच्या वादात फारसा कोणी पुढे आणला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. रासायनिक अस्त्रांमुळे ज्यांची शरीरे विद्रूप झाली त्यांना कालेड समाज ‘म्यूटो’ म्हणतो आणि वंश शुद्ध राहावा म्हणून ओसाड रानात हाकलून देतो. त्याच समाजाचा सर्वांत मोठा शास्त्रज्ञ स्वतः खुर्चीला खिळलेला आहे. म्हणजे व्यंग असलेल्यांना टाकून देणे हाच दुष्टपणा, असे ही कथा सांगते. आणि त्याच वेळी दुष्टपणाचा चेहरा म्हणून व्यंग असलेला माणूसच पुढे करते. शेवटी डालेक आपल्या निर्मात्यावरच उलटतात. तो दयेची याचना करतो तेव्हा हा शब्द त्यांना ठाऊकच नसतो.

पुढे १९७९ मध्ये डेव्हिड गुडरसन यांनी, आणि १९८४, १९८५ व १९८८ मध्ये टेरी मॉलॉय यांनी हीच भूमिका केली. मालिकेच्या नव्या पर्वात २००८ मध्ये ज्युलियन ब्लीच यांनी डॅव्हरॉस साकारला, तोही त्याच खुर्चीत आणि त्याच मुद्रेत. त्या कथेचे लेखक होते रसेल टी. डेव्हिस. २०१५ मध्ये लेखक स्टीव्हन मॉफट यांनी डॅव्हरॉसचे बालपण दाखवले. रणांगणात अडकलेल्या त्या मुलाला वाचवायचे की नाही, असा पेच डॉक्टरपुढे उभा राहतो. २०२३ च्या प्रवेशातील डॅव्हरॉसही ब्लीच यांनीच केला आणि लेखकही डेव्हिसच होते. नट तोच, लेखक तोच आणि रूप तेवढे वेगळे, त्यामुळे हा बदल नजरचुकीचा नव्हता हे उघड होते.

निर्मात्याची भूमिका

प्रवेशापुरते पाहिले तर बदलाचे समर्थन कथेतच सापडते. हा प्रसंग डॅव्हरॉसला अपघात होण्यापूर्वीचा आहे, असे म्हणता आले असते. अनेकांनी तसे म्हटलेही. परंतु निर्मितीची पडद्यामागील हकीकत सांगणाऱ्या कार्यक्रमात डेव्हिस यांनी ही पळवाट स्वतःच बंद केली. जुना डॅव्हरॉस हा चाकांच्या खुर्चीत बसणारा दुष्ट माणूस आहे. अपंगत्वाशी दुष्टपणा जोडण्याची परंपरा जुनी आहे आणि ती आपल्याला व आपल्या सहकाऱ्यांना खटकते. आधीच्या लोकांना दोष द्यायचा नाही, पण काळ बदलला आहे आणि यापुढे आमचा डॅव्हरॉस हा असाच असेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

ज्या परंपरेकडे ते बोट दाखवत होते ती खरीच आहे. शेक्सपिअरच्या नाटकातील तिसरा रिचर्ड कुबडा आहे आणि त्याचे कुबड त्याच्या कपटाची खूण ठरते. २०१२ मध्ये लेस्टर येथे या राजाचा सांगाडा सापडला, तेव्हा त्याचा कणा एका बाजूला वळलेला होता, पण नाटकातल्यासारखे कुबड नव्हते, हे स्पष्ट झाले. चेहऱ्यावर व्रण असलेला खलनायक तर चित्रपटांत पिढ्यान्‌पिढ्या आला. २०१८ मध्ये ‘चेंजिंग फेसेस’ या ब्रिटिश संस्थेने याविरुद्ध मोहीम काढली आणि ज्या चित्रपटांत चेहऱ्यावरील व्रण हीच दुष्टपणाची खूण असेल त्यांना निधी देणार नाही, असे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केले. डेव्हिस यांचा निर्णय या वातावरणात आला.

चाहत्यांतील मतभेद

बदलाचे स्वागत करणाऱ्यांचा मुद्दा साधा होता. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलाला पडद्यावर आपल्यासारखे कोण दिसते? बहुतेक वेळा एकतर कीव यावी असा कोणी, नाहीतर खलनायक. खुर्ची पाहताच भय वाटावे अशी योजना एकदा केली की ते भय त्या पात्रापुरते उरत नाही. शाळेच्या आवारात त्या मुलाला डॅव्हरॉस म्हणून चिडवले जाऊ शकते. विद्रूपता हे भय निर्माण करण्याचे फार सोपे साधन आहे आणि चांगल्या लेखकाला त्याची गरज पडू नये, असेही या पक्षाचे म्हणणे.

विरोध करणारे सगळे एकाच कारणाने विरोध करत नव्हते. काहींना बदलच नको होता. जुने ते सोने, एवढाच त्यांचा युक्तिवाद. पण ज्यांचा आक्षेप विचारपूर्वक होता त्यांनी पात्राच्या रचनेकडे लक्ष वेधले. डॅव्हरॉसची खुर्ची ही वरून चिकटवलेली सजावट नाही. माणूस आणि डालेक यांच्यामधली ती पायरी आहे. ज्याने स्वतःचे शरीर यंत्राच्या आधाराने टिकवले त्याने आपल्या सगळ्या जमातीला त्याच साच्यात ओतले, हा कथेचा अर्थ खुर्ची काढली की विरतो. शिवाय डॅव्हरॉस दुष्ट आहे तो आपल्या विचारांमुळे. खुर्चीतून उठवला तरी वंशद्वेष तसाच राहतो.

सर्वांत विचार करायला लावणारा आक्षेप काही अपंग चाहत्यांचाच होता. पडद्यावर आमच्यासारखी माणसे मुळात मोजकी, त्यांतली एक बलाढ्य, बुद्धिमान आणि कोणाच्याही दयेवर न जगणारी व्यक्तिरेखा तुम्ही काढून घेतलीत, असे ते म्हणत होते. अपंग माणसाला केवळ सोशिक आणि सद्गुणीच दाखवायचे, हाही एक साचाच झाला. खलनायक होण्याचा हक्क बाकीच्यांना आहे तसा आम्हालाही हवा, फक्त सारे अपंग खलनायक नसावेत. त्याच वेळी दुसरे अपंग चाहते डेव्हिस यांचे मनापासून आभार मानत होते. अपंगांचे मत काय, या प्रश्नाला एकच उत्तर असते हा समज या वादाने खोटा ठरवला.

खुर्ची दुसऱ्या बाजूला

डेव्हिस यांचे काम केवळ डॅव्हरॉसवरून जोखणे अपुरे ठरेल. आठवड्याभराने, २५ नोव्हेंबर २०२३ रोजी, मालिकेच्या साठाव्या वर्षानिमित्तचा ‘द स्टार बीस्ट’ हा विशेष भाग आला. त्यात शर्ली अ‍ॅन बिंगहॅम ही नवी व्यक्तिरेखा आहे. परग्रहावरील संकटांशी झुंजणाऱ्या ‘युनिट’ या संघटनेची ती वैज्ञानिक सल्लागार. ती चाकांची खुर्ची वापरते. त्या खुर्चीत शस्त्रे दडवलेली आहेत आणि तिची जीभही तितकीच धारदार आहे. ही भूमिका करणाऱ्या रूथ मॅडली स्वतः चाकांची खुर्ची वापरतात. याच भागात दिसलेल्या टार्डिसच्या नव्या अंतर्भागात चाकांची खुर्ची फिरू शकेल असे उताराचे मार्ग केलेले आहेत. साठ वर्षे विश्वभर फिरलेल्या यानाचा विचार या दृष्टीने झाला, हीच मोठी गोष्ट.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की वादाचे खरे मोजमाप हाती येते. डॅव्हरॉसची भूमिका करणारे नट रंगभूषा उतरवून चालत घरी जात. मॅडली यांची खुर्ची चित्रीकरण संपल्यावरही त्यांच्यासोबत असते. ज्या कथेत शर्लीसारखी पात्रे सहजपणे वावरतात तिथे खुर्चीतला एक दुष्ट शास्त्रज्ञ अपंगांचा प्रतिनिधी ठरत नाही; तो फक्त डॅव्हरॉस असतो. उलट अशी पात्रेच नसतील तर खलनायकाला खुर्चीतून उठवून काहीच साधत नाही, कारण मग पडद्यावर अपंग माणूस उरतच नाही. डेव्हिस यांनी जे काढले त्याविषयी मतभेद राहतील. त्यांनी जे जोडले ते मात्र अधिक टिकाऊ काम आहे.

आपल्याकडचे संदर्भ

हा प्रश्न आपल्याला परका नाही. रामायणातील मंथरा कुबडी आहे आणि तिचे नाव मराठीत कान भरणाऱ्या व्यक्तीसाठी रूढ झाले आहे. दूरदर्शनवर १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘महाभारत’ मालिकेत गूफी पेंटल यांचा शकुनी लंगडत चालतो आणि आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोच शकुनी उभा राहतो. मात्र याच परंपरेत अष्टावक्रही आहे. आठ ठिकाणी वाकलेल्या शरीराला हसणाऱ्या पंडितांना जनकाच्या सभेत ज्ञानाने निरुत्तर करणारा तो ऋषी मंथरेइतका लोकांच्या तोंडी का नाही, हे स्वतःला विचारण्यासारखे आहे.

कायद्यानेही या विषयाला हात घातला आहे. ८ जुलै २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटासंबंधीच्या प्रकरणात दृक्‌श्राव्य माध्यमांतील दिव्यांगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. चित्रपटात न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. परंतु दिव्यांगत्व समजून घेण्यास मदत करणारा विनोद आणि दिव्यांगांना हीन लेखणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला, साचेबद्ध चित्रण टाळावे असे सांगितले आणि अशा चित्रणाविषयीचे निर्णय दिव्यांगांना सहभागी करून घेतल्याशिवाय होऊ नयेत हे तत्त्व पुढे ठेवले. डॅव्हरॉसच्या वादात चाहते परस्परविरोधी बोलत असले तरी या शेवटच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे अपंग चाहते सहमत झाले असते.

गोव्याने जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरवला आणि दिव्यांगांच्या सहभागाचा हा उत्सव इथे रुजला. गावोगावच्या जत्रांत आजही पौराणिक नाटके होतात. त्यांत कुबड बांधलेली मंथरा आणि पाय ओढत चालणारा शकुनी रंगमंचावर येतात, टाळ्या घेतात आणि नाटक संपल्यावर ताठ चालत घरी जातात. त्यांना रंगमंचावरून हटवावे असे कोणी म्हणत नाही. पण मंडपाच्या पायऱ्यांपाशी आपली खुर्ची थांबवून बसलेल्या प्रेक्षकाला पुढच्या रांगेपर्यंत उताराचा मार्ग आहे का, आणि पुढच्या वर्षीच्या नाटकात त्याला एखादी भूमिका मिळेल का, याचे उत्तर नाटक बसवणाऱ्यांच्या हाती आहे.