पोलादी पिंपाची कुळकथा

अमेरिकेतील हौशी मंडळी ज्या पोलादी पिंपांत घरची बिअर आंबवतात, ती पिंपे मुळात आंबवण्यासाठी घडलीच नव्हती. तयार पेय कारखान्यापासून गुत्त्यापर्यंत दाबाखाली, निर्दोष पोहोचवावे, एवढेच त्यांचे नियत कार्य होते. हे काम शतकानुशतके ओकच्या लाकडाने केले, पण लाकडाच्या रंध्रांत जंतू ठाण मांडत, म्हणून कित्येक पिंपांना आतून राळ फासावी लागे. 1913 मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त, न गंजणारे पोलाद सिद्ध केले आणि पुढे यथाकाल ते या व्यवसायातही आले.

घरगुती बिअरला मात्र कायद्याची मंजुरी हवी होती. 1933 मध्ये दारूबंदी उठली, तेव्हा घरी द्राक्षासव करण्याची मुभा मिळाली. बिअर वगळली गेली आणि हा अन्याय पंचेचाळीस वर्षे तसाच राहिला. 1978 च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने दोन प्रौढांच्या कुटुंबास वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर बिअर करमाफ ठरवली. पाच-पाच गॅलनांनी एवढी मजल गाठायची, तर वर्षातून चाळीस वेळा चूल पेटवावी लागेल. मोठ्या भांड्याची निकड उघड होती.

शीतपेयांचा पाक ज्या पाच गॅलनांच्या पोलादी डब्यांतून उपाहारगृहांना जाई, ते डबे खोक्यातल्या पिशव्या आल्यावर अडगळीत निघाले आणि हौशी लोकांनी स्वस्तात उचलले. त्याहून मोठे ते बिअरच्या व्यापारातले साडेपंधरा गॅलनांचे पिंप. त्याची मालकी कारखान्याकडे असते. दुकानात भरलेली अनामत म्हणजे किंमत नव्हे, आणि ती भरून पिंप घरी ठेवून घेणे ही उघड अफरातफर आहे, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे.

रीतसर विकत घेतलेल्या पिंपातील उरलासुरला दाब प्रथम सोडून मधली नळी काढतात, फेसाला दोन-तीन गॅलनांची जागा राखून माल्टचा निववलेला काढा भरतात, यीस्ट सोडतात आणि तोंडाला बसवलेल्या रबरी नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडवतात. पोलाद फुटत नाही, उजेड आत येऊ देत नाही. पण माझ्या मते त्याचा खरा गुण निराळाच आहे. आंबवण पूर्ण झाल्यावर कार्बन डायऑक्साइडच्या हलक्या दाबाने बिअर एका बंद पिंपातून दुसऱ्यात ढकलता येते आणि तिला बिघडवणाऱ्या हवेचा स्पर्शही होत नाही. तोंड अरुंद असल्याने हात घालून घासणे शक्य नसते, म्हणून तळाशी बसलेला गाळ गरम क्षारयुक्त पाण्याने सोडवावा लागतो आणि प्रत्येक वेळी आत दिवा धरून पाहावे लागते.