घराची जाहिरातीतली किंमत आणि खरी किंमत : टोकन देण्यापूर्वी तपासायचे खर्च

आपल्या समाजातली अनेक मुले-मुली आज स्वतःच्या कमाईवर घर घेत आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरातला हा पहिलाच नोंदणीकृत करार असतो. आई-वडिलांनी आयुष्य चाळीत, वस्तीत किंवा भाड्याच्या खोलीत काढलेले. त्यामुळे कागद कसा वाचायचा, कुठे किती पैसे लागतात, हे सांगणारे घरात कोणी नसते. बिल्डर, दलाल आणि बँकेचा एजंट सांगेल ते खरे मानले जाते. मग शेवटच्या आठवड्यात दोन-तीन लाख कमी पडतात आणि ते सोने मोडून किंवा खासगी सावकाराकडून उभे केले जातात. ही वेळ टाळता येते. महाराष्ट्रात घर घेताना मूळ किमतीवर कोणकोणते खर्च चढतात, त्यांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी

सर्वांत मोठा वरखर्च मुद्रांक शुल्काचा. मेट्रो उपकर धरून मुंबईत ६ टक्के, तर पुणे, ठाणे, नवी मुंबई व नागपूर येथे ७ टक्के शुल्क लागते. इतर ठिकाणचा दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. हे शुल्क करारातील किंमत आणि सरकारी रेडीरेकनरचा दर यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर आकारतात. म्हणजे घर स्वस्तात मिळाले तरी शुल्क कमी होईलच असे नाही. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. सोबत पतीचे किंवा भावाचे नाव लावले की ही सवलत जाते. ४० लाखांच्या घरावर हे ४०,००० रुपये होतात आणि घरही बाईच्या नावावर राहते. कुटुंबात याचा विचार जरूर व्हावा.

बँक किती देते?

‘९० टक्के कर्ज मिळेल’ असे सर्रास सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जालाच ९० टक्क्यांची मर्यादा आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ती ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. शिवाय १० लाखांवरच्या घरासाठी मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरला जात नाही. तो खिशातूनच भरावा लागतो.

पुण्यातील ४० लाखांच्या घराचा हिशोब पाहू. कर्ज जास्तीत जास्त ३२ लाख. म्हणजे स्वतःचे ८ लाख, मुद्रांक शुल्क २ लाख ८० हजार आणि नोंदणी ३० हजार. एकूण ११ लाख १० हजार रुपये हातात हवेत. ‘आठ लाख जमले, आता घर घेऊ’ असे म्हणणारा येथेच अडकतो. जीएसटी, बँकेचे शुल्क आणि बिल्डरचे इतर आकार यात अजून धरलेलेच नाहीत.

जीएसटीची ४५ लाखांची रेषा

जीएसटी बांधकाम चालू असलेल्या घरावर लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर किंवा जुन्या घराच्या पुनर्विक्रीवर तो लागत नाही. परवडणाऱ्या घराला १ टक्का, इतर घरांना ५ टक्के. परवडणारे घर म्हणजे एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटईक्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर, तर राज्यात इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत.

ही ‘एकूण किंमत’ नीट समजून घ्या. पार्किंग, विकास आकार, वरच्या मजल्याचे जादा पैसे हे सगळे तीत मोजले जाते. घर साडेचव्वेचाळीस लाखांचे असेल तर कर ४४,५०० रुपये. त्यावर १ लाखाचे इतर आकार चढले की किंमत साडेपंचेचाळीस लाख होते आणि कर ५ टक्क्यांनी २,२७,५०० रुपये. म्हणून सर्व आकारांसह किंमत आधीच लेखी मागावी.

बिल्डरचे ‘इतर आकार’

क्लब हाऊस, वीज मीटर, सोसायटी स्थापना, वकील फी, एक-दोन वर्षांचा आगाऊ देखभाल खर्च ही यादी बहुधा ताबा देण्याच्या वेळी पुढे येते. तेव्हा नाही म्हणायची सोय नसते. करारात जे लिहिले नाही ते नंतर मागता येणार नाही, असे स्पष्ट लिहून घ्या. उघड्या पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही. उघडी आणि स्टिल्टखालची पार्किंग हा सामायिक भाग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे.

रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दर चटईक्षेत्रावरच विचारा, ‘सुपर बिल्ट-अप’वर नको. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर तपासा. ताबा घेतल्यापासून ५ वर्षांत बांधकामात मूळ दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करणे ही बिल्डरची जबाबदारी आहे.

कर्जाला चिकटवलेला विमा

प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, कायदेशीर तपासणी, मूळ कागद गहाण ठेवण्यावरचे मुद्रांक शुल्क हे खर्च कर्जाबरोबर येतात. त्यातच विमाही घुसवला जातो. विमा घेणे चांगले, पण ठरावीक कंपनीचाच घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. १ लाखाचा हप्ता कर्जात मिळवला तर ९ टक्के व्याजाने २० वर्षांत त्याचे सुमारे २ लाख १६ हजार भरावे लागतात. कर्जाचे सर्व आकार एका पानावर दाखवणारे मुख्य तथ्य विवरण बँकेने देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्या व सही करण्यापूर्वी वाचा.

जुने घर घेताना

आधीच्या मालकाची देखभाल, मालमत्ता कर, वीज व पाणी यांची थकबाकी नसल्याचे दाखले घ्या. सोसायटीने हस्तांतरणासाठी लाखभर ‘डोनेशन’ मागितले तर लक्षात ठेवा, महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची सरकारी कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. ती चुकली तर व्याज व दंड खरेदीदारालाच पडतो.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत स्वस्त वाटते. पण पुढे टँकरचे पाणी, करावरची शास्ती आणि विकताना पडेल भाव, असे पैसे जातच राहतात. म्हाडा किंवा झोपडपट्टी पुनर्वसनातली सदनिका ठरावीक वर्षे विकता येत नाही. त्याआधी नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेला व्यवहार मालकी देत नाही.

गुंठ्याचा प्लॉट आणि वतनाची जमीन

शहराच्या कडेला एक-दोन गुंठे घेऊन घर बांधण्याकडे आपल्या लोकांचा ओढा आहे. जमीन अकृषिक आहे का, मंजूर रेखांकन आहे का, आपल्या नावाने स्वतंत्र उतारा निघेल का, हे तीन प्रश्न आधी विचारा. सामाईक सातबारावर फक्त नाव लागले म्हणजे प्लॉट मिळाला असे होत नाही.

उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असेल तर विशेष सावध राहा. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह गावकामगारांची कनिष्ठ वतने रद्द झाली आणि त्या जमिनी मूळ वतनदारांना नवीन अविभाज्य शर्तीवर परत देण्यात आल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकली तर शर्तभंग होतो व शासन ती ताब्यात घेऊ शकते. येथे लपलेला खर्च म्हणजे अख्खी जमीन. ज्या कुटुंबाची ती वतनी जमीन आहे त्याचेही नुकसान आणि आयुष्याची पुंजी घालणाऱ्याचेही. वस्तीत असा सौदा चालू असेल तर उतारा काढून तो सर्वांना वाचून दाखवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

शेवटी एक कागद

टोकन देण्यापूर्वी एका कागदावर सर्व रकमा लिहा : करारातील किंमत, मुद्रांक, नोंदणी, जीएसटी, बिल्डरचे आकार, बँकेचे आकार, दलाली, वकील, किरकोळ फर्निचर आणि सहा महिन्यांचे हप्ते. हप्ते धरायचे कारण, ताबा लांबला तर भाडे आणि हप्ता दोन्ही एकाच पगारातून जातात. बिल्डरच्या वकिलाशिवाय आपला स्वतंत्र वकील नेमून मालकीचा शोध अहवाल घ्या. त्याची फी या सगळ्यात सर्वांत लहान असते. कागदावरची बेरीज झेपत नसेल तर लहान घर घ्या, किंवा वर्षभर थांबा. टोकन दिल्यावर ही मोकळीक उरत नाही.