शिळेकडून खिळ्याकडे आणि पुन्हा शिळेकडे : 'ऑप्टिमा' या अक्षरवळणाचा इतिहास

रोमन लिपीच्या मुद्राक्षरांचे स्थूलमानाने दोन वर्ग केले जातात. ज्या अक्षरांच्या टोकांना बारीक आडवे फटकारे असतात ती सेरिफ आणि ज्यांना ते नसतात ती सॅन्स सेरिफ. पहिल्या वर्गात रेषा जाड-बारीक होत जाते. दुसऱ्या वर्गात ती बहुधा एकाच जाडीची दिसते. हेर्मान त्सॅफ (१९१८-२०१५) या जर्मन अक्षररचनाकाराचे 'ऑप्टिमा' हे वळण या विभागणीत नीट बसत नाही. त्याला फटकारे नाहीत, परंतु रेषेतील जाड-बारीकपणा आहे. त्यामुळे त्याचे वर्णन बहुतेक ठिकाणी 'दोन वर्गांमधील तडजोड' असे केले जाते. हे वर्णन सोयीचे असले तरी पुरेसे नाही. ऑप्टिमाचा उगम आणि त्याचा पुढील वापर पाहता ते मूलतः दगडावरचे अक्षर आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

न्यूरेंबर्ग येथे जन्मलेल्या त्सॅफने सुलेखन स्वतःच्या अभ्यासाने आत्मसात केले होते. महायुद्धाच्या काळात त्याने जर्मन सैन्यात नकाशे रेखाटण्याचे काम केले. १९५० साली तो इटलीच्या प्रवासास गेला. फ्लोरेन्समधील सांता क्रोचे हे चर्च मायकेलअँजेलो, गॅलिलिओ व मॅकियाव्हेली यांच्या समाधींसाठी प्रसिद्ध आहे. त्सॅफचे लक्ष मात्र पायांखालच्या फरसबंदीत बसविलेल्या समाधिशिलांकडे गेले. त्यांवरील अक्षरांना फटकारे नव्हते, तरी रेषा टोकांकडे किंचित रुंदावत गेल्या होत्या. जवळचा कागद संपल्याने त्याने हजार लिरांच्या नोटेवरच ती अक्षरे टिपून घेतली, अशी हकीकत त्यानेच नोंदविली आहे.

१९५२ पासून या टिपणांवरून वळणाची आखणी सुरू झाली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील मनरो व्हीलर यांनी १९५४ मध्ये हे वळण केवळ मथळ्यांसाठी न ठेवता ग्रंथमुद्रणासाठीही विकसित करावे, असे सुचविले. फ्रँकफर्टच्या श्टेम्पेल या ओतशाळेत आउगुस्ट रोझेनबेर्गर या निष्णात कारागिराने ठसे कोरले आणि १९५८ मध्ये खिळे विक्रीस आले. त्सॅफला 'नॉय अँटिक्वा' म्हणजे 'नवे रोमन अक्षर' हे नाव हवे होते. 'ऑप्टिमा' हे नाव ओतशाळेने दिले. व्यापाऱ्याला ग्राहक दिसतो आणि कलावंताला परंपरा दिसते, हा फरक या नामकरणातही उमटला आहे.

या वळणाचे खरे मर्म उभ्या रेषेत आहे. ती सरळ नसून मध्यावर अगदी थोडी सडपातळ होते. फटकाऱ्याचे काम, म्हणजे रेषेला टोकाशी ठाम विराम देण्याचे काम, हे रुंदावणे करते. बोरूने लिहिलेली अक्षरे पाहिलेल्या मराठी वाचकास रेषेचे जाड-बारीक होणे नवे नाही. ऑप्टिमातही रुंद टोकाच्या लेखणीचाच संस्कार आहे, फक्त देवनागरी बोरूचा काप उलट दिशेचा असतो.

हाच गुण पुढे अडचणीचा ठरला. लायनोटाइप यंत्रावर सरळ व तिरपे अक्षर एकाच साच्यावर असल्याने दोहोंची रुंदी समान ठेवावी लागे. पुढे संगणकाच्या आरंभीच्या काळात कमी बिंदूंच्या छपाईत तो सूक्ष्म बाक एक तर सपाट होई किंवा पायऱ्यापायऱ्यांचा दिसे. अकिरा कोबायाशी यांच्या सहकार्याने त्सॅफने २००२ मध्ये 'ऑप्टिमा नोव्हा' सिद्ध केले. त्या वेळी तिरपी अक्षरेही प्रथमच स्वतंत्रपणे रेखाटली गेली. मूळची केवळ कलती केलेली होती.

व्हीलर यांना अपेक्षित असलेला ग्रंथमुद्रणातील वापर झाला, पण दीर्घ गद्यासाठी हे वळण फारसे रुळले नाही. ते अधिक दिसले ते नाममुद्रांत. एस्टे लॉडर ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी हे त्याचे परिचित उदाहरण. प्रसाधनाच्या डबीवर शोभणारे अक्षर मृतांच्या नावांना कसे शोभेल, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर वॉशिंग्टनमध्ये मिळते. माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा १९८१ मध्ये १,४२१ प्रवेशिकांतून निवडला गेला आणि १९८२ मध्ये व्हिएतनाम युद्धातील सैनिकांचे स्मारक खुले झाले. बंगळूरहून आणलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर त्या वेळी ५७,९३९ नावे होती. हुद्दा नाही, पदक नाही. मृत्यूच्या कालक्रमाने केवळ नावे, तीही सुमारे १.३ सेंटिमीटर उंचीच्या ऑप्टिमातील मोठ्या लिपीत. काळ्या रंगावर तेव्हा तीव्र टीका झाली, कित्येकांना तो लज्जेचा रंग वाटला. अक्षरांचा वाद मात्र गाजला नाही, आणि हेच लक्षणीय आहे. एकजाडीच्या अक्षरांनी ती भिंत कार्यालयीन यादीसारखी भासली असती. फटकारे असलेल्या अक्षरांनी विजयस्तंभाची आठवण दिली असती. ऑप्टिमात नाव नावासारखे वाचता येते. आप्त नावावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतात, तेव्हा टोकाशी रुंदावणारी ती रेषा कागदावर उतरते.

२००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन मॅकेन यांच्या प्रचारसाहित्यात हेच वळण वापरले गेले. ते व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी होते, आणि या निवडीचा संबंध त्या भिंतीशी अनेकांनी जोडला. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर स्मारकात २,९८३ नावे ब्राँझच्या कठड्यांतून आरपार कापली गेली, तीही ऑप्टिमात. रात्री त्या अक्षरांतून खालचा प्रकाश वर येतो.