आनंदीबाई जोशी यांचे अमेरिकेतील विद्यार्थिजीवन

आनंदीबाई जोशी यांचे अमेरिकेतील विद्यार्थिजीवन जून १८८३ ते ऑक्टोबर १८८६ या काळातील आहे. या काळात त्यांनी फिलाडेल्फिया येथील वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या महाविद्यालयात वैद्यकाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. परदेशी शिक्षणासाठी एकट्या गेलेल्या मराठी विद्यार्थिनीचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण आहे. आहार, पोशाख आणि धर्म न बदलण्याचे जाहीर वचन त्यांनी निघण्यापूर्वी दिले होते. ते वचन सांभाळून परक्या हवामानात आणि समाजात राहण्याचा प्रयत्न हे या काळाचे प्रमुख वैशिष्ट्य मानले जाते.

पार्श्वभूमी

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना असून घराणे कल्याणचे होते. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेले विधुर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पत्नीने शिकलेच पाहिजे, असा गोपाळरावांचा आग्रह होता. बदलीच्या गावी ते स्वतः त्यांना शिकवीत. आनंदीबाईंना झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. स्त्रियांना योग्य वैद्यकीय उपचार मिळत नाहीत, ही जाणीव त्यांच्या मनात या घटनेने दृढ झाली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी पूर्वी तेथे मिशनरी असलेल्या रॉयल वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी तो अमेरिकेतील आपल्या नियतकालिकात छापला. धर्मांतर केल्यास साहाय्य होऊ शकेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. जोशी दांपत्याला ही अट मान्य नव्हती. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कारपेंटर यांच्या वाचनात तो मजकूर आला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे दोघींचा नियमित पत्रव्यवहार सुरू झाला आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

श्रीरामपूर येथील भाषण

गोपाळरावांची बदली बंगालमधील श्रीरामपूर येथे झाली असताना आनंदीबाईंच्या परदेशगमनाचा निर्णय पक्का झाला. एका विवाहित ब्राह्मण स्त्रीने समुद्र ओलांडून एकटीने जाणे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई, त्यामुळे त्यांच्यावर मोठी टीका झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण करून या टीकेला उत्तर दिले.

त्यांनी स्वतःला विचारल्या जाणाऱ्या सहा प्रश्नांची उत्तरे क्रमाने दिली. अमेरिकेलाच का जायचे, भारतात शिकण्याची सोय नाही काय, एकटीने का जायचे, परतल्यावर जातीबाहेर टाकले जाणार नाही काय, परदेशात संकट ओढवले तर काय करणार आणि आजवर कोणत्याही स्त्रीने न केलेले काम आपणच का करायचे, असे ते प्रश्न होते. बहिष्काराच्या प्रश्नावर त्यांनी सांगितले की, आपण येथे जशा राहतो तशाच तेथे राहणार असून खाणेपिणे आणि पोशाख बदलणार नाही. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निश्चयही त्यांनी जाहीर केला. हे आश्वासन पुढील तीन वर्षांत त्यांच्या दैनंदिन जीवनाचे नियामक ठरले.

प्रवास आणि रोझेल येथील वास्तव्य

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकन मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यू यॉर्कला पोहोचल्या. बंदरावर कारपेंटर त्यांना घेण्यासाठी आल्या होत्या. त्या वेळी आनंदीबाईंचे वय अठरा वर्षांचे होते.

महाविद्यालय सुरू होईपर्यंतचे सुमारे चार महिने त्या रोझेल येथे कारपेंटर कुटुंबात राहिल्या. अमेरिकेतील घरगुती चालीरीती आणि बोलीभाषेतील इंग्रजी यांचा परिचय त्यांना याच घरात झाला. या कुटुंबाने त्यांच्या शाकाहाराचा आणि धार्मिक आचाराचा मान राखला. पुढेही हे घर त्यांचे अमेरिकेतील माहेर राहिले.

महाविद्यालयातील प्रवेश

वूमन्स मेडिकल कॉलेजची स्थापना १८५० मध्ये झाली होती. स्त्रियांना वैद्यकीय पदवी देण्यासाठी स्थापन झालेल्या जगातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी ते एक होते. २८ जून १८८३ रोजी पाठवलेल्या अर्जात आनंदीबाईंनी आपला हेतू स्पष्ट केला होता. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत देणे, हा तो हेतू होय. हे पत्र आज फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात जतन करण्यात आले आहे.

महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलर शिष्यवृत्ती मिळवून दिली. ऑक्टोबर १८८३ मध्ये अभ्यासक्रम सुरू झाला.

राहणीमान

निवास : फिलाडेल्फियातील हिवाळा ही आनंदीबाईंची सर्वांत मोठी अडचण ठरली. त्यांना मिळालेल्या खोलीतील शेकोटीची व्यवस्था सदोष होती. ती पेटवली की खोलीत धूर कोंडे आणि न पेटवावी तर थंडी असह्य होई.

पोशाख : महाराष्ट्रीय पद्धतीने नेसलेल्या नऊवारी लुगड्यात पोटऱ्या आणि कंबरेचा भाग पुरेसा झाकला जात नसे. पाश्चात्त्य झगा वापरणे वचनाविरुद्ध झाले असते. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. यामुळे पाय झाकले जाऊन आत उबदार कपडे घालणे शक्य झाले आणि पोशाखही भारतीयच राहिला. दिसायला लहान असलेला हा बदल कर्मठ समाजाच्या दृष्टीने आक्षेपार्ह ठरू शकणारा होता.

आहार : त्यांनी शाकाहार अखेरपर्यंत सोडला नाही. भारतीय भाज्या, डाळी आणि मसाले मिळणे कठीण असल्याने त्यांच्या आहारात विविधता राहिली नाही. अभ्यासाबरोबर स्वयंपाकाचा भारही त्यांच्यावर पडे.

पत्रव्यवहार : गोपाळरावांशी त्यांचा संपर्क पत्रांतूनच होता आणि समुद्रमार्गे उत्तर येण्यास अनेक आठवडे लागत. गोपाळरावांच्या पत्रांत प्रोत्साहनाबरोबर संशयाचा आणि कठोरपणाचा सूरही असे. आनंदीबाईंनी आपल्या उत्तरांत बालपणी अभ्यासासाठी सोसलेल्या माराचा स्पष्ट उल्लेख केला आणि त्याच वेळी आपल्या शिक्षणाचे श्रेयही पतीला दिले. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीजीवनाच्या अभ्यासात ही पत्रे महत्त्वाचे साधन मानली जातात.

सहाध्यायिनी

या महाविद्यालयात इतर देशांतील विद्यार्थिनीही शिकत होत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबत इस्लामबुली यांच्यासह आनंदीबाईंचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेल्या या छायाचित्रात तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात दिसतात. पुढे ओकामी यांनी १८८९ मध्ये, तर इस्लामबुली यांनी १८९० मध्ये पदवी मिळवली.

पदवी

आनंदीबाईंनी प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी आयुर्वेदातील ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार घेतला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी प्रदान करण्यात आली. समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुख वैद्य म्हणून त्यांची नियुक्ती केली.

आजारपण आणि मृत्यू

शिक्षणाच्या काळातच आनंदीबाईंना ताप, खोकला आणि अशक्तपणा यांचा त्रास होऊ लागला होता. पुढे क्षयरोगाचे निदान झाले. थंडी, अपुरा आहार आणि अतिश्रम यांमुळे त्यांची प्रकृती ढासळली, असे मत अनेक चरित्रकारांनी मांडले आहे. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या पतीसह भारताकडे निघाल्या. मायदेशी त्यांचे स्वागत झाले, परंतु कोल्हापूरचे पद स्वीकारण्याइतकी प्रकृती सुधारली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कारपेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या.

प्रभाव आणि साहित्यातील चित्रण

१८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंडिता रमाबाईंच्या 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' या पुस्तकाला रेचल बॉडली यांची प्रस्तावना असून तीत आनंदीबाईंच्या आयुष्याची माहिती दिली आहे. त्यांच्यानंतर याच महाविद्यालयातून गुरुबाई करमरकर यांनी १८९२ मध्ये पदवी घेतली आणि मायदेशी परतून मुंबईत वैद्यकीय सेवा केली.

कॅरोलिन डॉल यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टन येथे प्रकाशित झाले. काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांनी मूळ पत्रे व कागदपत्रांच्या आधारे त्यांच्या जीवनाचा अभ्यास केला आहे. समीर विद्वांस दिग्दर्शित 'आनंदी गोपाळ' हा मराठी चित्रपट २०१९ मध्ये प्रदर्शित झाला.