तुमचा जीव, आमचा टाका

घरच्या घरी लाकडी कयाक बांधायची, असे मी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी जाहीर केले, तेव्हा हिने एवढेच विचारले, “आणि ठेवणार कुठे?” ऐतिहासिक कार्याला असले प्रश्न विचारायचे नसतात. म्हणून मी इतिहासच सांगायला घेतला.

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. तिकडे झाडे नाहीत. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे चढवायचे. माप मात्र शिंप्यासारखे अंगावरच. ग्रीनलंडमध्ये लांबी धरत ती पसरलेल्या हातांच्या तिप्पट. माझ्या हातांची तिप्पट साडेसोळा फूट भरली. आमचा दिवाणखाना बारा फुटी!

“कातडं कोण शिवायचं?”

“बायका,” मी म्हणालो आणि फसलो. शिवण उसवली तर त्या बर्फाळ पाण्यातून नवरा परत येत नसे.

“म्हणजे तुमचा जीव आमच्या टाक्यावर!”

मी घाईघाईने विलायतेत शिरलो. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश बॅरिस्टरने कयाकच्या धर्तीवर ओकच्या फळ्यांची नाव करवून घेतली, तिला ‘रॉब रॉय’ नाव दिले, युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या आणि वर पुस्तक लिहिले. साहेबांना छंद लागला. पण नाव बांधणार कारागीरच. ती तुमच्याआमच्या हाती आली प्लायवुडमुळे. केन लिटलडाइक या इंग्रज सुतारकाम-शिक्षकाने प्लायच्या कडांना भोके पाडली, तांब्याच्या तारेने त्या शिवल्या आणि सांध्यावर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवली. याच रीतीची ‘मिरर’ ही शिडाची होडी १९६३ पासून लोकांनी घरोघरी बांधली, ७०,०००च्या आसपास!

“पुन्हा टाकेच,” ही म्हणाली.

खरेच होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही काथ्याने फळ्या शिवून गलबते होत. २०२५ साली नौदलात आलेले, गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ तसेच शिवलेले आहे.

अखेर कयाक गच्चीवर बांधली. भोके मी पाडली, तारा हिने ओवल्या. माझे टाके ती उसवून पुन्हा घाली.

“अगं, ब्लाउज नाहीये हा!”

“ब्लाउज उसवला तर माणूस बुडत नाही.”

यावर इतिहासात उत्तर नाही.

पहिल्या दिवशी तळ्यात वीस मिनिटे वल्हवून परत आलो, तर ही गुडघाभर पाण्यात उभी. हिला पोहता येत नाही.

“आत पाणी आलं?”

“थेंबभरसुद्धा नाही.”

“मग उतरा आता. साडी भिजली माझी.”