आठचा आकडा : संथ दुचाकीचा इतिहास

१/ अंधेरी, वडाळा, बोरिवली. मुंबईत एमएच-०२, एमएच-०३ आणि एमएच-४७ या क्रमांकांमागची ही तीन परिवहन कार्यालये. घाटकोपर-मुलुंडचे उमेदवार वडाळ्याला जातात. दुचाकीच्या परीक्षेत भीती एकाच गोष्टीची असते : आठचा आकडा, आणि मध्येच जमिनीला टेकणारा पाय. वेगासाठी घडवलेल्या यंत्राची परीक्षा संथपणाने का घेतली जाते? #थ्रेड #इतिहास

२/ परवाना आधी आला, परीक्षा मागाहून. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये चालकांची चाचणी सुरू केली. ब्रिटनने मात्र १९०३ च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला, तोही परीक्षेविना. तिथे सक्तीची परीक्षा १९३५ मध्ये आली.

३/ भारतात १९१४ चा मोटार वाहन कायदा, मग १९३९ चा आणि शेवटी १ जुलै १९८९ पासून अमलात आलेला १९८८ चा. केंद्रीय नियमावलीतील नियम १५ चालकाची कौशल्ये मोजतो : गिअर बदलणे, इशारे देणे, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे. या यादीवर मोटारगाडीची छाप स्पष्ट दिसते.

४/ मोटारीला स्वतःचा तोल सांभाळावा लागत नाही, दुचाकीला लागतो. ही उणीव प्रत्यक्ष मैदानावर भरून काढतो तो आठचा आकडा. हा देवनागरी ८ नव्हे, तो एका बाजूने उघडाच राहतो. इथे इंग्रजी आठ हवा : एकमेकांना चिकटलेली दोन बंद वर्तुळे.

५/ त्यातली खरी कसोटी वर्तुळात नाही, दोन वर्तुळे मिळतात त्या बिंदूवर आहे. उजवीकडे कललेली गाडी तिथे सरळ होऊन लगेच डावीकडे कलते. त्या क्षणी ॲक्सिलेटर सोडला, तर गाडी आडवी होते.

६/ याचे कारण काय? फिरत्या चाकांच्या भोवरा-परिणामामुळे दुचाकी उभी राहते, असा समज दीर्घकाळ होता. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी तो परिणाम रद्द करणारी सायकल बनवली आणि ती चालवून दाखवली. त्यांचा लेख १९७० चा. गाडी ज्या बाजूला पडू लागते त्या बाजूला हँडल वळते आणि चाके पुन्हा भाराखाली येतात. वेगात यातले बरेच काम गाडी स्वतः करते. संथ गतीत ते सारे चालकावर येते.

७/ पण संथ चालणे आरंभीच्या मोटारसायकलींना जमतच नव्हते. अनेकींना क्लच नव्हता. इंजिन पट्ट्याने थेट चाकाला जोडलेले. थांबायचे तर इंजिन बंद, निघायचे तर ढकलत पळायचे. १९१५ च्या ट्रायम्फ मॉडेल एचमध्ये क्लच आणि तीन गिअर होते, पायडल नव्हते. पहिल्या महायुद्धात निरोप्यांनी ती चालवली.

८/ आजही शिकाऊ चालकाला तेच शिकावे लागते : हाफ क्लच, स्थिर ॲक्सिलेटर, मागच्या ब्रेकचा हलका दाब. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. नजर चाकापाशी नको, पुढच्या वळणावर हवी.

९/ महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. गणेशोत्सवातील आणि शाळांतील ‘स्लो सायकल’ शर्यतीत शेवटी पोहोचणारा जिंकतो आणि पाय टेकवणारा बाद होतो. परीक्षेचा नियमही तोच. जपानमध्ये तर १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद पट्टीवरून मध्यम मोटारसायकल किमान ७ सेकंद लावून न्यावी लागते.

१०/ मग गिअरच बदलले. पुण्याच्या बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना, दोन्ही १९७२ च्या. चेतकचे गिअर डाव्या मुठीत, लुनाला ते नव्हतेच. १९८४ च्या कायनेटिक होंडाने क्लचही चालकाच्या हातून काढून घेतला. कायद्यातही ‘गिअरविना’ आणि ‘गिअरसह’ असे दोन वर्ग आहेत. केरळने २०२४ मध्ये हातगिअरच्या जुन्या बजाज एम-८० ला परीक्षेतून निवृत्त केले.

११/ उपनगरांना या कौशल्याची गरज अधिक. अंधेरी-घाटकोपरचा पट्टा १९५० मध्ये आणि बोरिवली-मुलुंडचा १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आला. रस्त्यांचा सांगाडा जुनाच राहिला. घोडबंदर रोडचा स्वामी विवेकानंद मार्ग झाला, आग्रा रोडचा लाल बहादूर शास्त्री मार्ग. त्यांना फुटणाऱ्या गावठाणांच्या गल्ल्यांत, पावसाळी खड्ड्यांत, मागे माणूस किंवा पाठीवर डिलिव्हरीची पेटी घेऊन चालणाऱ्याचा दिवस बहुतांशी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो.

१२/ तरीही आठ ही अर्धीच परीक्षा आहे. ब्रिटनने २००९ मध्ये आणलेल्या चाचणीत आठचा आकडा आहेच. शिवाय ताशी ५० किलोमीटर वेगावरून अचानक थांबूनही दाखवावे लागते. आपल्याकडे शिकाऊ अनुज्ञप्तीनंतर पक्क्या परीक्षेआधी किमान ३० दिवस मिळतात. त्यांतले काही मोकळ्या मैदानात आठ गिरवण्यात जावेत आणि काही जोरात ब्रेक लावून गाडी सरळ रेषेत थांबवण्यात. ही दुसरी परीक्षा निरीक्षक घेत नसला, तरी पश्चिम द्रुतगती महामार्ग ती घेतो.