दात्रकोशिका पांडुरोग आणि गर्भारपणा : नागपूर विभाग

रक्तातील तांबड्या कोशिका विळ्यासारख्या वाकड्या होणारा हा आनुवंशिक रोग विदर्भात ‘सिकलसेल’ याच नावाने ओळखला जातो. तो जन्मभर टिकतो, वारंवार तीव्र वेदना निर्माण करतो आणि काही रुग्णांच्या मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित करून त्यांना तरुणपणीच अपंगत्व आणतो. अशा स्त्रीच्या गर्भारपणाकडे पाहण्याची वैद्यकाची व समाजाची दृष्टी गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरीच बदलली आहे.

शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत व आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत हा दोष आढळला. मध्य भारतातील दोषाविषयी आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील पाहण्यांत गोंड, माडिया, परधान यांच्याप्रमाणेच पूर्वाश्रमीचे महार, तेली, कुणबी अशा समाजांतही तो दिसून आला. तेव्हा हा केवळ आदिवासींचा रोग आहे, ही समजूत खरी नव्हे. एकच सदोष जनुक असणाऱ्या वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात हा दोष टिकून राहण्याचे कारण हेच होय.

गर्भारपणात रक्तद्रवाचे आकारमान वाढते आणि मुळातच कमी असलेले हीमोग्लोबिन आणखी उतरते. वेदनांचे झटके विशेषतः शेवटच्या तिमाहीत व सूतिकावस्थेत वाढतात. छातीतील तीव्र विकार, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि रक्तदाबवाढ यांचा धोका असतो. वारेतील सूक्ष्म वाहिन्या तुंबल्यामुळे गर्भाची वाढ खुंटते, अकाली प्रसूती होते किंवा मूल पोटातच दगावते. या धोक्यांमुळे १९७१ मध्येही अमेरिकेतील काही प्रसूतितज्ञांनी अशा स्त्रियांनी गर्भधारणाच टाळावी, असे मत मांडले होते. मत सद्हेतूचे असले, तरी त्यात निर्णय वैद्याचा होता, स्त्रीचा नव्हता. पुढे संसर्गावरील उपचार, सुरक्षित रक्त आणि नियमित देखरेख यांमुळे चित्र पालटले. सर्वच गर्भवतींना आगाऊ रक्त दिल्याने वेदनांचे झटके कमी होतात, परंतु अर्भकाच्या बाबतीत विशेष फरक पडत नाही, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत आढळले.

काही गोष्टी मात्र सामान्य गर्भवतीपेक्षा निराळ्या असतात. हायड्रॉक्सियूरिया हे या रोगावरील उपयुक्त औषध गर्भधारणेपूर्वी सुमारे तीन महिने थांबविण्याचा सल्ला देतात. फॉलिक अम्ल आवश्यक असते. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीने कमतरता ठरल्यावरच द्याव्यात, कारण वारंवार रक्त घेतलेल्या स्त्रीच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते. सर्व गर्भवतींना सरसकट लोह देणाऱ्या व्यवस्थेत हा अपवाद सहज निसटतो. खुबा झिजलेल्या स्त्रीला प्रसूतीच्या टेबलावर मांड्या फाकविणे अशक्यप्राय होते. यासाठी आधीच कुशीवरील स्थितीचा विचार करून ठेवावा लागतो. केवळ रोग आहे म्हणून शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याचे कारण नाही.

नागपुरात या प्रश्नाला लोकांपर्यंत नेण्याचे श्रेय मुख्यत्वे रुग्णांच्या कुटुंबांना जाते. संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या द्वारे हे काम अनेक वर्षे केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विवाहापूर्वी रक्त तपासा, हा त्या प्रचाराचा गाभा होता. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते. माता स्वतः रोगी व पिता वाहक असल्यास ती निम्मी होते. पिता निर्दोष असल्यास एकही मूल रोगी नसते, सर्व वाहक असतात. म्हणजे पित्याचे रक्त न तपासता स्त्रीला सल्ला देणे अर्धवटच ठरते. व्यवहारात मात्र तपासणी गर्भवतीपासून सुरू होते व पुष्कळदा तिच्यापाशीच थांबते.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या रोगाला स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत त्याचा समावेश झाला. प्रजननविषयक माहिती मिळण्याचा हक्क व संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचाराला मनाई, या तरतुदीही त्यात आहेत. तथापि शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा ज्या प्रकारांसाठी आहेत, त्यांत रक्तविकार येत नाहीत. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गंभीर शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रीस वीस ऐवजी चोवीस आठवड्यांची मुदत मिळाली. केंद्र शासनाचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. येथे निर्मूलन म्हणजे रोगी मुले जन्मास न येणे. आज हयात असलेल्या रोगी स्त्रियांची सुरक्षित बाळंतपणे हा त्यापासून वेगळा प्रश्न असून, त्यासाठी रक्तपेढी, शरीरक्रिया जाणणारा वैद्य आणि प्रसूतितज्ञ हे तिघे एकाच रुग्णालयात वेळेवर उपलब्ध असावे लागतात.